संस्कार घरचे, मूल्य स्वतःचे

‘मूल्यशिक्षण’ हा शब्द आता शाळांच्या वेळापत्रकात येऊन बसला आहे. आमच्या बालपणी तो कोणाच्या तोंडी नसे. वडीलधारी मंडळी शील म्हणत, आचार म्हणत, फार तर ‘घरचे वळण’ म्हणत. तथापि नवा शब्द आम्हांस नापसंत नाही. ‘मूल्य’ हा शब्द ‘मूल’ या शब्दापासून सिद्ध झाला आहे, आणि व्यवहारात त्याचा अर्थ किंमत असा होतो. तेव्हा माणसाच्या नैतिक मूल्यांविषयी विचार करताना दोन प्रश्न आपोआप पुढे येतात. त्यांचे मूळ कोठे असते? आणि त्यांची किंमत कोण देतो? पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसरा बहुधा राहून जातो.

मूळ घरात असते, हे सर्वमान्य आहे. परंतु घरात मुलांच्या कानी काय पडते, यापेक्षा त्यांच्या दृष्टीस काय पडते, याला अधिक महत्त्व आहे. सायंकाळी दिव्यापाशी परवचा होतो, सत्यवचनाची महती सांगितली जाते. आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या गाडीत अर्धे तिकीट मिळावे म्हणून त्याच मुलाचे वय वर्षा-दोन वर्षांनी कमी सांगितले जाते. मूल काही बोलत नाही. परंतु सत्य ही वस्तू चांगली खरी, मात्र ती अर्ध्या तिकिटाइतकीही मोलाची नाही, एवढा हिशेब ते मनाशी करून ठेवते. वर्गात वर्षानुवर्षे निबंध तपासताना आम्हांस असे दिसून आले की, ‘सत्याचे महत्त्व’ या विषयावर उत्तम कोण लिहील, हे भाषेवरून ओळखता येते. सत्य कोण बोलेल, हे मात्र निबंधावरून मुळीच कळत नाही.

या संदर्भात आमच्या महाड तालुक्यातील एका गावाचे स्मरण होते. महाडहून रायगडाकडे निघालेल्या वाटसरूस पाचाडच्या अलीकडे नाते हे गाव लागते. या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. वडील वकील होते. मुलगा १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली. पुढे केंब्रिजचे शिक्षण झाले, १९१८ साली आयसीएस परीक्षेतही पहिला क्रमांक आला. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री. कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणणारा हा अर्थशास्त्रज्ञ आम्हां संस्कृतप्रेमी मंडळींस विशेष जवळचा वाटतो, यात नवल नाही.

परंतु या यशाच्या पायऱ्या सांगण्याकरिता आम्ही त्यांचे नाव घेतलेले नाही. पहिला क्रमांक ही बुद्धीची परीक्षा होय, शीलाची नव्हे. शीलाची परीक्षा १९५६ साली झाली. भाषावार प्रांतरचनेत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे घाटत होते. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. देशमुख कुलाबा मतदारसंघाचे लोकसभेतील प्रतिनिधी होते; पण स्वभावाने चळवळे नव्हते. सारे आयुष्य त्यांनी कचेरीतील शिस्तीत घालविले होते. अशा माणसाने अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि जुलै महिन्यात लोकसभेत निवेदन करून त्याची कारणे सांगितली. मुंबईचा प्रश्न तर त्यात होताच. शिवाय एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार होऊन झाला नाही, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी केली जात नाही, हेही त्यांचे आक्षेप होते. पंडित नेहरूंना ते मान्य नव्हते. कोणाचे म्हणणे कितपत बरोबर, हा वाद इतिहासकारांनी खुशाल करावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, रीतीने वागावे हे ज्यांनी आयुष्यभर मानले, त्यांनी ती रीत मोडली गेली असे वाटताच आपले पद सोडले. शिस्त हा तोवर त्यांचा संस्कार होता. त्या दिवशी ते त्यांचे मूल्य ठरले.

त्यांच्या सहधर्मचारिणी दुर्गाबाई यांची हकीगतही येथे सांगण्याजोगी आहे. त्या आंध्रातील राजमहेंद्रीच्या. १९२३ साली काकिनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा तेथील खादी प्रदर्शनाच्या दारावर चौदा वर्षांची ही मुलगी स्वयंसेविका म्हणून उभी होती. तिकिटावाचून कोणास आत सोडू नये, अशी तिला आज्ञा होती. जवाहरलाल नेहरू आले. त्यांच्यापाशी तिकीट नव्हते. मुलीने त्यांना अडविले. व्यवस्थापक रागावले, तरी ती हलली नाही. तिकीट घेतल्यावरच तिने वाट मोकळी केली. पुढे याच दुर्गाबाई घटना समितीच्या सदस्य झाल्या, आणि १९५३ साली त्यांचा देशमुखांशी विवाह झाला, तेव्हा साक्षीदार म्हणून सही करणारे नेहरूच होते. मोठ्यांचा रोष ही चौदा वर्षांच्या मुलीस केवढी किंमत वाटत असेल! ती तिने दिली, म्हणून तो नियम तिचा स्वतःचा झाला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग घरच्या संस्काराशी निष्ठा ठेवावी, म्हणजे झाले. तसे मात्र नव्हे. आणि याचे उदाहरणही नात्याहून फार दूर नाही. महाडचे चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. तेव्हा त्या लोकांवर हल्ले झाले, आणि पुढे मंत्रोच्चार करून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. हे करणारे लोक चोर-दरोडेखोर नव्हते. ते आपल्या-आमच्यासारख्या घरांतले, मुलांवर माया करणारे, देवधर्म पाळणारे होते. आणि ते जे वागले, ते घरच्या संस्कारास धरूनच वागले. वाचकहो, ही गोष्ट कटू आहे. पण आमच्या घरांनी ती विसरू नये.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हेही ब्राह्मण घरातलेच होते. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस हेही स्वकीयांच्या विरोधात उभे राहून बाबासाहेबांच्या बाजूस आले. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला. सहस्रबुद्ध्यांना घरात वेगळे संस्कार मिळाले होते काय? तसे समजण्याचे कारण नाही. ‘सर्वांभूती परमेश्वर’ हे वचन दोन्ही पक्षांच्या कानी पडलेले होते. एका पक्षाने ते पाठ केले. दुसऱ्याने ते तळ्याच्या काठी ताडून पाहिले.

तात्पर्य, घर मुलास बीज देते. त्या बीजात गोमटे असते तसे कुजकेही असते. आणि ते निवडण्याचे काम दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकत नाही. जे निवडले, त्याकरिता काही सोडावे लागते: पैसा, पद, कधी आप्तांची मर्जी. ते सोडीपर्यंत आपली तत्त्वे ही उसनी वस्त्रे होत.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्या गृहस्थांस व गृहिणींस आमचे दोन गोष्टींचे सांगणे आहे. एक, मुलांदेखत सत्याकरिता लहानसा तोटा सोसण्याचा प्रसंग आला, तर तो टाळू नये. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे मुलाच्याच हाती परत पाठवावेत. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. घरातील तरुण मुलगा किंवा सून ‘हे आपण का पाळतो?’ असे विचारील, तेव्हा ‘आपल्यात असेच असते’ हे उत्तर देऊ नये. कारण सांगता आले, तर सांगावे. न आले, तर ती रीत टिकवावी की सोडावी, याचा त्यांच्यासह शांतपणे विचार करावा. यात वडीलपणास उणेपणा येत नाही. ज्या घरात प्रश्न विचारता येतो, त्या घरचे संस्कार मुले पुढे आपली किंमत देऊन स्वतःचे करून घेतात.