एक रेणू पाण्याचा, एक गटाराचा

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. मार्च महिन्यात मी मुलांना महाडच्या सत्याग्रहाची हकिकत सांगत होतो. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. इथपर्यंत आलो आणि आठवीतल्या एका मुलीने हात वर केला.

“सर, आपल्या माणसांनी पाणी घेतलं, तेव्हा त्या पाण्यात नेमकं काय बदललं होतं?”

मुले हसली. सतरंजीच्या कडेला बसलेला एक मुलगा मात्र हसला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचे काका एका इमारतीची सेप्टिक टाकी साफ करायला उतरले, ते परत वर आले नाहीत. वर्ग सुटल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, माझ्या काकाला तिथं कशानं मारलं? घरात म्हणतात, त्याची वेळ भरली होती.”

मी बी.कॉम. झालेला कारकून. रसायनशास्त्राशी माझी गाठ दहावीतच सुटली होती. पण मुलाच्या प्रश्नाला ‘वेळ भरली’ हे उत्तर देणे धम्माच्या उपासकाला शोभत नाही. “पुढच्या रविवारी सांगतो,” असे दोघांनाही म्हणालो. हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या एका भगिनींकडून पुस्तके आणली आणि आठवडाभर वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आले की या दोन प्रश्नांची उत्तरे म्हणजे सख्खी भावंडेच आहेत. दोन्ही उत्तरे तीन-तीन अणूंच्या साध्या रेणूंची आहेत. ती मुलांना सांगितली, तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

दोन भावंडे

अणू हे मुळाक्षरांसारखे आणि रेणू हे त्यांपासून झालेल्या शब्दांसारखे. पाण्याचा शब्द तीन अक्षरी आहे : हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. शाळेत आपण ‘एच-टू-ओ’ म्हणून पाठ केले, तेच हे. पाणी हे मूलतत्त्व आहे असे माणूस शतकानुशतके समजत होता. ते मूलतत्त्व नसून संयुग आहे, हे फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७८३ साली दाखवून दिले. रेणू किती लहान असतो? १८ ग्रॅम पाणी म्हणजे जेमतेम एक घोट. त्या घोटात सहावर तेवीस शून्ये मांडावीत इतके रेणू असतात.

आता मूलद्रव्यांचा तक्ता पाहा. त्यात ऑक्सिजनच्या बरोबर खालच्या घरात गंधक आहे. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन काढून तिथे गंधकाचा अणू बसवला, की ‘एच-टू-एस’, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड तयार होते. दोघांचीही ठेवण मधे वाकलेल्या कोयंडीसारखी. पण स्वभावात केवढा फरक! पाण्याचे रेणू एकमेकांचे हात घट्ट धरून राहतात. म्हणून वजनाने हलके असूनही पाणी १०० अंशांपर्यंत द्रवरूप राहते, वाहते, आणि आपल्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग बनते. गंधकवाल्या भावाची ही पकड फारच सैल. तो शून्याखाली ६० अंशांवरच उकळतो. म्हणून आपल्या हवामानात तो नेहमी वायूच असतो. सडलेल्या अंड्याची घाण येते ना, ती त्याचीच.

विटाळाची परीक्षा कोणत्या प्रयोगशाळेत?

आता त्या मुलीचा प्रश्न. चवदार तळ्याच्या पाण्यात आपल्या माणसांच्या ओंजळीने काय बदलले? उत्तर एका शब्दात : काहीही नाही. ओंजळ कोणाची होती याची नोंद ठेवायला पाण्याच्या रेणूत जागाच नाही. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, एवढाच त्याचा सातबारा.

पाणी खराब होत नाही असे नाही. त्यात पटकीचे, विषमज्वराचे जंतू शिरतात, कारखान्याची रसायने मिसळतात. पण ही खराबी तपासता येते, मोजता येते, दूर करता येते. विटाळ मोजायचे यंत्र मात्र आजवर कोणी बनवलेले नाही. उलट, त्या वेळी तळ्यात खरोखर काही मिसळले असेल तर ते शेण आणि मूत्र. म्हणजे ‘शुद्धी’ करणाऱ्यांनीच पाणी घाण केले! हा वाद पुढे दहा वर्षे कोर्टात चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आपण प्यालेले पाणी श्वासातून, घामातून, मूत्रातून बाहेर पडते, हवेत जाते, ढग होते आणि पुन्हा पाऊस होऊन विहिरीत उतरते. हे फिरणे कोट्यवधी वर्षे चालू आहे. आज कोणाच्या तांब्यात असलेले पाणी पूर्वी कोणाच्या देहात होते हे कोण सांगणार? उष्टे-विटाळ खरोखर पाळायचे म्हटले तर माणसाने पाणीच पिता कामा नये.

आणि ज्या श्वासावर आपण जगतो तो तरी कुठून आला? हिरवी झाडे सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचा रेणू फोडतात आणि त्यातला ऑक्सिजन हवेत सोडतात. म्हणजे आपला प्राणवायूही पाण्याचेच देणे आहे.

टाकीच्या तळाशी काय होते?

आता दुसरा प्रश्न. सेप्टिक टाकीत आणि गटाराच्या तळाशी हवा पोहोचत नाही. तिथे असे जिवाणू वाढतात, की ज्यांना जगायला ऑक्सिजन लागत नाही. मैल्यातील व पाण्यातील गंधकाचे क्षार वापरून ते आपला निर्वाह करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होते. हा वायू गाळात दडून बसतो. माणूस उतरून गाळ ढवळू लागला, की तो एकदम उसळतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे लवकर वर निघून जात नाही, तळाशीच साचतो.

दहा लाख भाग हवेत या वायूचा एक भागही नसला तरी नाकाला वास येतो. पण प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले, की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. उतरलेल्या माणसाला वाटते, घाण कमी झाली, आता धोका टळला. प्रत्यक्षात त्याच क्षणी धोका वाढलेला असतो! ५०० च्या पुढे माणूस कोसळू शकतो. हजाराच्या घरात तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते आणि मृत्यू येतो.

हे कसे घडते? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाच्या बारीक भट्ट्या असतात. रक्ताने आणलेला ऑक्सिजन तिथे वापरला जातो आणि शक्ती तयार होते. हायड्रोजन सल्फाइड नेमके तिथेच जाऊन भट्टी बंद पाडते. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. सायनाइडचे विषही असेच काम करते. त्यात टाकीमध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साचलेले असतात आणि ऑक्सिजन मुळातच कमी असतो. म्हणून एक पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा, अशी एकाच टाकीत दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

त्या मुलाला मी सांगितले, “बाळ, तुझ्या काकांची वेळ भरली नव्हती. त्यांना एका वायूने मारले. आणि तो वायू तिथे असतो हे ज्यांना ठाऊक असायला हवे होते, त्यांनी त्यांना दोरीसुद्धा न देता खाली उतरवले.”

रेणू दुष्ट नाही

मग हा रेणूच वाईट म्हणायचा का? तसेही नाही. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ समुद्राच्या तळाशी, सुमारे अडीच हजार मीटर खोल, शास्त्रज्ञांना गरम पाण्याचे झरे सापडले. तिथे सूर्यप्रकाश नाही. तरी तिथे किडे, शिंपले यांची वस्तीच्या वस्ती नांदते आहे. तिथले जिवाणू याच हायड्रोजन सल्फाइडपासून शक्ती मिळवतात आणि त्या जिवाणूंवर बाकीचे जगतात. इतकेच काय, आपल्या मेंदूत आणि रक्तवाहिन्यांतही हा वायू अत्यल्प प्रमाणात तयार होतो. तिथे तो निरोप्याचे काम करतो, असे १९९० च्या दशकापासूनचे संशोधन सांगते. नायट्रिक ऑक्साइड हा तर केवळ दोन अणूंचा रेणू. तो रक्तवाहिन्या सैल करण्याचा निरोप देतो, हे शोधणाऱ्यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे एकच रेणू एके ठिकाणी जीवन देतो, दुसऱ्या ठिकाणी मरण. फरक पडतो तो जागेने आणि प्रमाणाने. निसर्गात उच्च-नीच नाही. रेणूला जात नाही. जात आहे ती माणसाच्या व्यवस्थेत. त्या व्यवस्थेने या दोन भावंडांपैकी पाण्याचा रेणू आपल्याला नाकारला आणि गटाराचा रेणू आपल्या वाट्याला दिला. वायू सर्वांना सारखाच मारतो, पण त्याच्या तोंडी कोणाला द्यायचे हे आजही बहुतेक वेळा जातच ठरवते.

आपण काय करावे?

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. सुरक्षेची साधने न देता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा त्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात गटारातील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली.

पण निकाल आपोआप घरी चालत येत नाही. माझी नोकरी कागदांची, म्हणून कागदाचे महत्त्व सांगतो. पंचनाम्यात काय लिहिले जाते ते पाहा. ‘चक्कर येऊन पडला’ असे लिहिले, की वायूही सुटतो आणि उतरवणाराही सुटतो. गुन्हा नोंदवा. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. शवविच्छेदनाचा अहवाल घ्या. कोणी हातावर चार पैसे ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर देऊ नका. त्या मुलाच्या घरी हेच घडले होते.

भगिनींनी आणि तरुणांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काडी पेटवून टाकी तपासू नये. वायूचे प्रमाण प्राणघातक असले तरी ज्योत जळत राहू शकते आणि मिथेन असेल तर भडका उडतो. तुंबलेल्या चेंबरमध्ये ॲसिड ओतू नये, त्याने गाळातील हायड्रोजन सल्फाइड आणखी सुटते. माणूस आत पडला तर कितीही जवळचा असला तरी मागोमाग उतरू नये. लगेच १०१ किंवा ११२ वर फोन करून अग्निशमन दलाला बोलवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : टाकी यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावी. आपल्या सोसायटीतही, आपल्या विहारातही!

कोणतीही गोष्ट परंपरेने चालत आली एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ‘विटाळ’ हा शब्द परंपरेने आला आणि ‘वेळ भरली’ हाही परंपरेनेच आला. दोन्ही शब्दांनी आपलाच घात केला.

पुढच्या रविवारी त्या मुलाने वहीत दोन आकृत्या काढून आणल्या. एकाखाली ‘पाणी’ लिहिले होते, दुसऱ्याखाली काकांचे नाव. त्याला आता रसायनशास्त्र शिकायचे आहे. आपल्या वस्तीतील अशा प्रत्येक मुलाच्या पाठीशी उभे राहणे हे आपले काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!