आधी नाडी बघा!

ऐन मे महिना आणि एसीतून नुसतंच गरम वारं! मेकॅनिकनं दोन मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, कॉम्प्रेसर गेला." म्हणजे माझं महिन्याचं बजेटच गेलं! मी म्हटलं, "आधी मीटर लावून दाखवा."

मेन स्विच बंद, कपॅसिटर डिस्चार्ज, वायरी सुट्या. आमच्या साध्या, नॉन-इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरला तीन टर्मिनल्स : कॉमन, स्टार्ट, रन. कॉमन-रन 2 ओहम, कॉमन-स्टार्ट 4, स्टार्ट-रन 6. बेरीज जुळली, म्हणजे वाइंडिंग शाबूत. टर्मिनल आणि तांब्याच्या पाइपमध्ये कंटिन्युइटी नाही, म्हणजे बॉडीला शॉर्टही नाही.

खरा गुन्हेगार? फुगलेला कपॅसिटर. काहीशे रुपयांत काम फत्ते!

हे प्रयोग स्वतः करू नका, शॉक जिवावर बेतू शकतो. पण समोर उभं राहून टेस्ट जरूर करून घ्या. पेशंट गेला म्हणण्याआधी नाडी नको का बघायला?