किडीचा इशारा वेळेवर पोहोचण्यासाठी लघुसंदेशाची पूर्वनोंदणी

कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री प्रति सापळा 8 पतंग आढळले की कपाशीवरील गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे समजले जाते. अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीतच फुलात किंवा बोंडात शिरते. मग फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी चार दिवस उशिरा आलेला लघुसंदेश न आल्यासारखाच.

संदेश अडण्याचे एक कारण नोंदणीत असते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) 2018 च्या विनियमांनुसार मोठ्या प्रमाणावर व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या संस्थेला, मग ती बँक असो वा शेतकरी उत्पादक कंपनी, दूरसंचार कंपनीच्या डीएलटी मंचावर स्वतःची, प्रेषकनामाची (हेडर) आणि मजकुराच्या टेम्प्लेटची नोंद करावी लागते. मंजूर टेम्प्लेटशी न जुळणारा संदेश यंत्रणेतच अडतो.

प्रादुर्भाव दिसल्यावर सल्ला लिहिणे ही आपली जुनी सवय. टेम्प्लेट मात्र आधी मंजूर हवा. म्हणून हंगामातील संभाव्य किडींचे टेम्प्लेट पेरणीपूर्वीच नोंदवावेत. गाव, दिनांक आणि पतंगांची संख्या एवढ्याच जागा बदलत्या ठेवाव्यात. अशा एका जागेत साधारणतः 30 अक्षरेच मावतात, त्यामुळे फवारणीची शिफारस तेथे बसत नाही. ती स्थिर मजकुरात असणेच इष्ट; घाईत मात्रेचा दशांश चुकण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

सल्ल्याच्या शेवटी ‘आमच्या केंद्रावर कीटकनाशक सवलतीत उपलब्ध’ अशी ओळ जोडण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते हीच सर्वांत महाग ओळ. तिच्यामुळे संदेश प्रचारात्मक ठरतो आणि 1909 वर नोंद करून असे संदेश बंद केलेल्या शेतकऱ्यांना तो मिळत नाही. विक्रीसाठी स्वतंत्र टेम्प्लेट ठेवावा.

अळीचे छायाचित्र दाखवण्यासाठी दुवा द्यायचा असल्यास तोही आधी नोंदवावा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नोंद नसलेले दुवे असलेले संदेश रोखले जातात. लांबीचेही भान हवे. इंग्रजी संदेशात 160 अक्षरे मावतात, देवनागरीत 70, आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘गुलाबी बोंडअळी’ एवढ्यानेच 14 जागा व्यापल्या जातात.