मोटारीच्या टपावरचे पोपडे

पालमच्या बाजारात उभ्या असलेल्या एखाद्या दहा-पंधरा वर्षे जुन्या मोटारीकडे जरा निरखून पाहा. टपावर आणि बॉनेटवर पांढुरके डाग पडलेले दिसतील. त्यांच्या कडेला कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा सुटलेला असेल. दरवाजे मात्र पुष्कळदा चकचकीत असतात. सबंध मोटार कारखान्यात एकाच रंगाने रंगवलेली असताना टपच तेवढा का सोलवटावा?

रंग एक, थर अनेक

कारखान्यातला रंग म्हणजे एकच लेप नव्हे. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया करतात. मग सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवतात. त्यावर साधारणपणे प्रायमर, त्यावर रंगीत थर आणि सर्वांत वर एक बिनरंगी, पारदर्शक थर असतो. पेंटर त्याला ‘क्लिअर’ म्हणतात. हे सारे थर मिळून जाडी भरते जेमतेम ०.१ मिलिमीटर! मोटारीची चकाकी या क्लिअरची असते. शिवाय त्यात अतिनील (जंबुपार) किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. क्लिअर ही खालच्या थरांची छत्रीच म्हणा ना. पण ही द्रव्ये वर्षानुवर्षे उन्हात खर्ची पडतात आणि छत्री विरते.

किरणांची करामत

प्रकाशकणाची ऊर्जा काढणे सोपे आहे. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, म्हणून ऊर्जा सुमारे २.२५. अतिनील किरणाची ३१० नॅनोमीटर, म्हणून ऊर्जा ४. रंगाच्या रेणूंमधील कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तेव्हा हे बंध तोडण्याइतके बळ हिरव्या प्रकाशात नाही, अतिनील किरणात आहे. तुटलेल्या टोकांशी हवेतला ऑक्सिजन संयोग पावतो आणि थर ठिसूळ होतो.

आता टपाकडे वळू. पालम सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो. तेव्हा किरण टपावर लंबरूप पडतात, उभ्या दरवाजाला मात्र नुसते चाटून जातात.

उष्णताही हातभार लावते. पत्र्याचे तापमान ५० अंशांनी वाढले, तर एक मीटर पोलाद ०.६ मिलिमीटरने प्रसरण पावते. रंगाचे प्रसरण याच्या कित्येक पट असते. रोजच्या या ओढाताणीत ठिसूळ थराला चिरा पडतात, चिरांत पाणी शिरते आणि पोपडे सुटतात.

पॉलिशने काम का होत नाही?

कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी बनणारी प्रीमियर पद्मिनी तुमच्या आजोबांना आठवत असेल. त्या काळच्या मोटारींवर वेगळे क्लिअर नसे. ऊन लागून वरचा रंग खडूसारखा भुकटी होई. पॉलिशने भुकटी घासून काढली की खालचा ताजा रंग उघडा पडे. ‘पॉलिश मारा, चकाकी येईल’ हा सल्ला तेव्हापासूनचा आहे. नव्या पद्धतीच्या रंगावर तो लागू पडत नाही, कारण सुटलेला पापुद्रा घासून पुन्हा चिकटत नाही. त्यावरच नवा रंग मारला, तर तोही पापुद्र्यासकट निघून येतो.

म्हणून खर्च करण्यापूर्वी नुकसान कुठवर पोहोचले ते पाहावे. डागाखाली रंगीत थर शाबूत असेल, तर घाई नाही. पण उघडा पत्रा दिसत असेल, तर पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती हवीच. गंजाचे आकारमान लोखंडाहून जास्त असते. तो शेजारचा चांगला रंगही खालून उचलतो.

दुरुस्तीत सुटा थर घट्ट कडेपर्यंत वॉटर पेपरने घासतात. पत्रा उघडा असल्यास गंज काढून प्रायमर देतात. मग रंग आणि क्लिअर मारतात. मात्र हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि नाकाला बांधलेला रुमाल तो अडवीत नाही. योग्य मुखवटा नसेल, तर हे काम घरी करू नये, आणि फवारा चालू असताना जवळ उभेही राहू नये.

करून पाहा

रंगवलेल्या पत्र्याचा टाकाऊ तुकडा घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली धारदार पात्याने त्यावर दोन-दोन मिलिमीटर अंतरावर सहा आडव्या आणि सहा उभ्या रेघा पत्र्यापर्यंत कोरा. २५ चौकोन होतील. त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटकन ओढा. निघालेला प्रत्येक चौकोन म्हणजे चार टक्के रंग सुटला. उन्हात पडून असलेला पत्रा आणि सावलीतला पत्रा यांची तुलना करा.

आता एक प्रश्न. एक मोटार वर्षानुवर्षे पूर्वेकडे तोंड करून उघड्यावर उभी असते. तिचा उजवा दरवाजा आधी फिका पडेल की डावा? डिसेंबरात दुपारी बारा वाजता स्वतःची सावली कोणत्या दिशेला पडते ते पाहा, म्हणजे उत्तर सापडेल.