घरच्या वाय-फायचा हजेरीपट

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे आजही कित्येक घरी रात्री गच्चीवर अंथरुणे पडतात. खाली बैठकीत ठेवलेल्या राउटरचे वाय-फाय वरही मिळते, याचे आपल्याला बरे वाटते. पण स्लॅब ओलांडून वर येणाऱ्या रेडिओलहरी कुंपणापाशी थांबत नाहीत. शेजारच्या गच्चीवर आणि समोरच्या गल्लीतही त्या पोचतात. मग आपल्या जाळ्यात घरचीच उपकरणे आहेत, परके कोणी नाही, हे कसे ओळखायचे?

राउटरच्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी पाहता येते. बऱ्याचदा ती पाहून दचकायला होते. घरात माणसे चार आणि यादीत नावे अकरा! त्यांपैकी दोन-तीन तर अगदीच अनोळखी. ही यादी तयार कशी होते, ते आधी पाहू.

शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला दोन क्रमांक असतात. जनरल रजिस्टरमधला क्रमांक प्रवेश घेताना एकदाच मिळतो. हजेरीपटावरचा दरवर्षी बदलू शकतो. उपकरणांचेही तसेच आहे. फोन वाय-फायला जोडला गेला, की राउटर त्याला मोकळा असलेला एक क्रमांक ठरावीक मुदतीसाठी देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. हा आयपी पत्ता, म्हणजे हजेरी क्रमांक. दुसरा मॅक पत्ता. तो मूळचा कारखान्यातच दिलेला असतो. तो ४८ बिटांचा असल्यामुळे २ चा ४८ वा घात, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते शक्य होतात. त्यातले पहिले २४ बिट उत्पादकाची ओळख सांगतात. यादीत दिसणारे नाव मात्र बहुधा उपकरणाने स्वतःच सांगितलेले असते.

घोटाळा इथेच होतो. टीव्ही एका कंपनीचा, पण त्यातली वाय-फायची चिप दुसरीची असेल, तर यादीत चिपवाल्याचे नाव दिसू शकते. शिवाय मॅक पत्ता आता कायमचा राहिलेला नाही. वाय-फाय चालू असलेला फोन हा पत्ता उघडपणे प्रक्षेपित करत असतो. पत्ता तोच राहिला, तर फुले मार्केटपासून जळगाव स्टेशनपर्यंत तो फोन कोठे कोठे गेला, हे जागोजागी यंत्रे ठेवून टिपता येईल. हा माग टाळण्यासाठी अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, यादृच्छिक पत्ता वापरू लागले. त्यामुळे घरचाच फोन कधी कधी परका भासतो.

असा पत्ता ओळखण्याची एक सोपी खूण आहे. मॅक पत्ता सोळा अंकी पद्धतीत लिहितात. तिथे ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही चिन्हे येतात. पत्त्यातले डावीकडून दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्याचा नव्हे, उपकरणाने स्वतः घेतलेला. ही चार चिन्हे द्विमान पद्धतीत लिहून पाहा. उजवीकडून दुसरा अंक चारही वेळा १ आणि शेवटचा ० आढळेल. खूण म्हणजे तो १!

फोन पत्ता बदलू शकतो, तसा लबाड माणूस दुसऱ्याचा पत्ता उचलूही शकतो. वर्गात मित्राची हजेरी लावणारे विद्यार्थी आपण पाहिलेच आहेत. म्हणून ‘एवढ्याच मॅक पत्त्यांना प्रवेश’ अशी राउटरमधली सोय फारशी भरवशाची नाही. खरे कुलूप पासवर्डचेच.

हे कुलूप नसल्याने काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला. माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरी पोचले. तिथल्या असुरक्षित वाय-फायचा वापर बाहेरच्या कोणी केल्याचे तपासात पुढे आले. घरातले हजेरी क्रमांक बाहेर दिसत नाहीत. दिसतो तो घराच्या जोडणीचा पत्ता. साहजिकच पहिली विचारणा जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याकडे होते.

तेव्हा एवढे करावे. घरातली वाय-फायवर चालणारी सर्व उपकरणे कागदावर लिहून यादीशी ताडून पाहावी. शंका वाटल्यास एकेका उपकरणाचे वाय-फाय बंद करावे; कोणते नाव गळते ते कळेल. काही राउटर हे उशिरा दाखवतात, म्हणून थोडे थांबावे. तरीही ओळख न पटणारे नाव उरले, तर पासवर्ड बदलावा. सगळीच उपकरणे बाहेर पडतील आणि नवा पासवर्ड दिलेलीच आत येतील. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडावी. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्डही बदलावा, कारण तो वेगळा असतो. लग्नासाठी धुळ्याहून मामा आले, तर त्यांना ‘गेस्ट’ जाळ्याचा पासवर्ड द्यावा. पाहुणे परततात, पण पासवर्ड त्यांच्या फोनमध्ये राहतोच.

विद्यार्थ्यांना घरची यादी पाहून यायला सांगा. पत्ते वहीत उतरवू नयेत. किती उपकरणे ओळखता आली आणि किती नाही, एवढेच आणावे. न ओळखलेल्यांचा शोध त्यांनी कसा लावला, यावर एक तासिका सहज रंगेल.