उसावर धावणाऱ्या गाड्या

१९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि ब्राझीलचे कंबरडे मोडले. तेल बहुतांश परदेशातून येणारे, ऊस मात्र घरचा. १९७५ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने उसाचे इथेनॉल गाड्यांत भरायचे ठरवले. १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. थंडीत सुरू व्हायला ती कुरकुरायची, तरी खपली.

दहा वर्षांनी मात्र पंचाईत झाली. कारखाने साखरेकडे वळले, पंपांवर इथेनॉल मिळेना, गाडीवाले हवालदिल.

खरा तोडगा २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या ‘गोल’ या गाडीने दिला. टाकीत पेट्रोल घाला, इथेनॉल घाला, नाहीतर दोन्ही. सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि इंजिनाला किती इंधन सोडायचे ते गाडीतला संगणक ठरवतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणून ब्राझीलचा चालक पंपावर रोखठोक हिशेब करतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच ते घ्यायचे. भारतातल्या बहुतेक ग्राहकांना ही निवड नाही. इथे २० टक्के इथेनॉल पेट्रोलमध्ये आधीच मिसळलेले येते.

या मिश्रणामुळे महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या मळीला भाव आला, हे खरेच. पण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. ती जागा मक्याने भरून काढली, आणि मका महागला म्हणून कोंबडीपालक ओरडू लागले.