खाज नसलेली केसगळती: एक मागोवा

"कुत्र्याक लूत लागली," असं नांदगाव तिठ्यावर कुणी म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं असायचं: करंजेल तेल, गंधक, नाहीतर गॅरेजमधलं काळं ऑइल. अंग खाजवून रक्तबंबाळ करणाऱ्या कुत्र्याला गंधकाने थोडाफार गुण यायचाही. पण जो खाजवतच नाही, ज्याचे नुसते केस झडून पोट-मांड्या काळवंडत चालल्यात, त्यालाही तेच फासलं जायचं. काळं ऑइल तर चाटून पोटात गेलं की विषच.

अशा कुत्र्याचं दुखणं बहुधा आत, ग्रंथींमध्ये असतं. हे ज्ञान तुकड्यातुकड्यांनी जमत गेलं. १९१४ मध्ये केंडॉलने थायरॉक्सिन हे थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक वेगळं केलं. १९३२ मध्ये हार्वे कुशिंगने पिट्युटरीच्या गाठीमुळे माणसांना होणारा आजार मांडला. तोच कुत्र्यांतही आढळला. डीडीटीच्या भावकीतल्या एका रसायनाने कुत्र्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी खुरटतात, हे १९४९ मध्ये दिसलं आणि त्यातून कुशिंगच्या आजारावरचं मायटोटेन हे औषध आलं. २००८ मध्ये अमेरिकेत याच आजारासाठी कुत्र्यांना द्यायच्या ट्रायलोस्टेनला मान्यता मिळाली.

औषधं सुधारली, तरी निदानाची पहिली पायरी साधीच राहिली: कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. डेमोडेक्स हा किडाही पुष्कळदा खाज न आणता केस घालवतो. तो नसेल, तर लक्षणांची सांगड घालायची. सुस्ती, वाढलेलं वजन, बोडकी शेपटी दिसली की थायरॉइडचा संशय. सुटलेलं पोट, पातळ कातडी, सततची तहान असेल तर कुशिंगचा. नराचं वृषण पोटातच राहिलं असेल, तर तिथल्या गाठीचा. तरण्याताठ्या, खात्यापित्या पॉमेरेनियनचे फक्त केस गेले आणि बाकी तपासण्या नीट आल्या, तर अलोपेशिया एक्स. त्याने जिवाला धोका नसतो.

रक्ततपासणीतही चकवा असतो. दुसऱ्या आजाराने किंवा स्टेरॉइडने टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन, उतरतं; म्हणून थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाच्या तपासणीची जोड लागते. कुशिंगसाठी डेक्सामेथासोनच्या सुईआधी, चार तासांनी आणि आठ तासांनी रक्त घेतात. गावाकडून येणाऱ्याचा अख्खा दिवस त्यात जातो. आणि खाजेसाठी महिनोन्महिने दिलेल्या स्टेरॉइडनेही हुबेहूब कुशिंग उभा राहतो. ते स्टेरॉइड मात्र एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावं.

म्हणून दवाखान्यात जाताना आधीच्या गोळ्या, सुया, मलमांच्या चिठ्ठ्या न्याव्यात आणि दिवसभराचं पाणी मोजावं. दहा किलोचा कुत्रा लिटरभराहून जास्त पीत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. महागड्या तपासण्यांची दिशा या फुकटच्या माहितीवरच ठरते.